सूर जिथे कण्हतो: क्लेझमर संगीत आणि यिडिशचं परत येणं

क्लॅरिनेटवर एक सूर लांबवत नेलाय आणि तो सुटायच्या अगदी शेवटच्या क्षणी घशात अडकल्यासारखा तुटतो, हुंदका दाबल्यावर येतो ना तसा. यिडिश भाषेत त्याला 'क्रेख्त्स' म्हणतात, शब्दाचा अर्थच कण्हणं. व्हायोलिनवर तो काढायची पद्धत अशी की सूर संपता संपता वरच्या बाजूला एक बोट तारेला अगदी हलकं टेकवायचं आणि त्याच क्षणी बो जवळजवळ थांबवायचा, म्हणजे पुढचा सूर धड वाजतही नाही आणि नाही वाजला असंही होत नाही. लिहून दाखवता येत नाही हे, नोटेशनमध्ये फार तर एक छोटंसं चिन्ह टाकता येईल. पण क्लेझमर संगीताचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नांत वाजणाऱ्या संगीताचा, जीव तिथे आहे, आणि हे संगीत जवळजवळ संपून परत कसं आलं ही सगळी गोष्टसुद्धा याच प्रश्नाभोवती फिरते की असला हुंदका शिकायचा कुणाकडून?

आधी शब्द समजून घेऊ. 'क्लेझमर' हा मुळात हिब्रू 'क्ले झेमेर' पासून आलाय, म्हणजे गाण्याची साधनं, थोडक्यात वाद्यं. यिडिशमध्ये येता येता तो वाद्याऐवजी वाजवणाऱ्या माणसाला लागला, एक असेल तर क्लेझमर आणि अनेक असतील तर क्लेझमोरिम. म्हणजे कित्येक शतकं क्लेझमर हे माणसाचं नाव होतं, संगीताचं नव्हतं. सोव्हिएत अभ्यासकांनी १९३० च्या दशकात 'क्लेझमर संगीत' असा शब्दप्रयोग केला होता, पण सर्वसामान्य लोकांत संगीतप्रकाराचं नाव म्हणून तो रुळला १९७० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेत. त्याआधी न्यूयॉर्कचे जुने ज्यू वादक तर या शब्दावर चिडायचे, कारण त्यांच्या बोलण्यात क्लेझमर म्हणजे नोटेशन न वाचता येणारा, गावठी वाजवणारा. आपण काय वाजवतो असं विचारलं तर ते सांगायचे फ्रेलेख्स, बुल्गार, म्हणजे नाचांची नावं.

आता यिडिश. बऱ्याच जणांना वाटतं की ज्यू म्हणजे हिब्रू बोलणारे, पण तसं नाहीये. जिथे राहिले तिथल्या भाषा त्यांनी आपल्याशा केल्या, आपल्या कोकणातले बेने इस्रायलीच बघा ना, त्यांची घरची भाषा मराठी, एकोणिसाव्या शतकात तर त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केलीत. तसंच मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा यिडिश. तिचा सांगाडा जर्मन, त्यात हिब्रू आणि अरामी शब्द, वर पोलिश, युक्रेनी वगैरे शेजारभाषांचा भरपूर मसाला, आणि लिपी हिब्रू. दुसऱ्या महायुद्धाआधी ही भाषा बोलणारे एक कोटीच्या वर लोक होते.

क्लेझमोरिमचं मुख्य काम म्हणजे लग्न. आजच्या युक्रेन, मोल्दोव्हा, पोलंड, बेलारूस, लिथुआनिया या पट्ट्यात छोट्या छोट्या गावांत ज्यूंची मोठी वस्ती होती, आणि तिथे वाजवणं हा पिढीजात धंदा असायचा, बापाकडून मुलाकडे. एका ताफ्याला 'कापेल्ये' म्हणायचे, त्यात पहिलं व्हायोलिन, ताल धरायला दुसरं व्हायोलिन, मोठा बास, 'त्सिंबल' (आपल्या संतूरसारखं, काठ्यांनी वाजवायचं तारवाद्य), पुढे ढोल, आणि एकोणिसाव्या शतकात क्लॅरिनेट आली ती हळूहळू सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. नाचाची फर्माईश करणारे पाहुणे त्या त्या नाचाचे पैसे द्यायचे. समाजात मान मात्र बेताचाच. चांगल्या घरचे लोक यांना मुलगी द्यायला कचरायचे त्यामुळे क्लेझमर घराण्यांच्या सोयरिकी बऱ्याचदा आपसातच व्हायच्या, त्यांची आपली एक गुप्त बोलीसुद्धा होती जी यजमानांना कळू नये.

लग्नात नुसता धांगडधिंगा नसायचा. विधीच्या आधी 'काले बाझेत्सन' व्हायचं, शब्दशः नवरीला बसवणं. नवरी मधे खुर्चीवर, भोवती बायका, आणि 'बादखन' नावाचा माणूस यमक जुळवत, अर्धं गात अर्धं बोलत तिला सांगायचा की आता बालपण संपलं, आईबापाचं घर सुटणार, जे आप्त या जगात नाहीत त्यांची आठवण काढायचा. त्याची एक ओळ झाली की व्हायोलिन तीच ओळ रडल्यासारखी पुढे न्यायचं, पुन्हा ओळ, पुन्हा व्हायोलिन, आणि नवरी रडली पाहिजे, सगळ्या बायका रडल्या पाहिजेत, नाहीतर काम नीट झालं नाही. लेकीच्या पाठवणीला ज्यांचा कंठ दाटून आलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि मग विधी उरकला की त्याच वादकांनी असा ताल उचलायचा की सगळं वऱ्हाड नाचायला उभं.

या लग्नातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 'माखेतोनिम' हा शब्द. इंग्रजीत याला सरळ एक शब्द नाही, समजवायला आख्खं वाक्य लागतं, पण मराठीत दोन सेकंदात होतो: व्याही! विहिणीला 'माखेतेनेस्ते'. आणि यांच्या लग्नात दोन विहिणींचा खास नाच असायचा, 'ब्रोयगेस-टान्ट्स', म्हणजे रुसव्याचा नाच. एक तोंड फिरवते, दुसरी मनधरणी करते, ती पुन्हा फिरवते, शेवटी गळाभेट आणि समेटाचा नाच. हे वाचलं तेव्हा मला ती माणसं एकदम ओळखीची वाटायला लागली, मानपानावरून रुसलेली विहीण काय हजारो मैलांवर वेगळी असते होय.

सुरांचं बघायचं तर घरी पेटी असेल तर हे करून बघा. सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. भैरव ऐकलेल्या कानाला ओळखीचं वाटेल, फक्त निषाद कोमल, म्हणजे वसंतमुखारीचे सूर. यिडिश संगीतात या सप्तकाला 'फ्रेगिश' म्हणतात आणि सिनेगॉगमधल्या प्रार्थनेतही ते आहे. दुसरं एक खास सप्तक म्हणजे मधुवंती घ्या आणि तिचा शुद्ध नी कोमल करा, कोमल ग आणि तीव्र म मधलं ते लांब अंतर ऐकलं की लगेच कळतं आपण कुठे आलो ते. अर्थात सूर सारखे म्हणून संगीत सारखं नाही हं, त्यांच्यात रागाचं चलन, वादी संवादी असलं काही नाही, मी फक्त कानाला रस्ता दाखवण्यापुरतं सांगतोय. तालाचं म्हणाल तर 'बुल्गार' नाचात आठ मात्रा ३-३-२ अशा पडतात त्यामुळे पाय आपोआप हलतो, आणि 'दोयना' म्हणजे रोमानियन मेंढपाळांकडून आलेला बिनतालाचा प्रकार, एकटा वादक सुचेल तसं वाजवतो, मागे बाकीचे एकच सूर धरून बसतात, आलापीच म्हणा ना. मोल्दोव्हाकडे ज्यू आणि रोमा म्हणजे जिप्सी वादक एकत्र वाजवायचे, चाली इकडच्या तिकडे व्हायच्या, त्यामुळे ही चाल 'खरी' कुणाची असा वाद घालण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले वाढले, गरिबी होतीच, आणि १९२४ पर्यंत वीस लाखांहून जास्त ज्यू पूर्व युरोपातून अमेरिकेत गेले, त्यात वादकही गेले. त्यातली दोन नावं लक्षात ठेवाच. नाफ्तुले ब्रांडवाइन, गॅलिशियातल्या (आजच्या पोलंड-युक्रेनमधला प्रदेश) क्लेझमर घराण्यातला, नोटेशन वाचता येत नव्हतं पण १९२० च्या दशकातल्या त्याच्या रेकॉर्ड्स ऐकल्या तर अंगावर काटा येतो, बोटांची करामत कुणी चोरू नये म्हणून तो प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवायचा असं सांगतात. आणि दुसरा डेव्ह टारास, १९२१ साली युक्रेनमधून आला, त्याची क्लॅरिनेट बंदरावर सामानाला दिलेल्या जंतुनाशक धुरीत खराब झाली म्हणे, आधी कारखान्यात काम केलं, मग पुन्हा वाद्य हातात घेतलं. हा वाचून वाजवायचा, सफाईदार, शिस्तीत, त्यामुळे रेडिओ, नाटक, रेकॉर्डिंग, सगळीकडे त्याला बोलावणं.

मग तुटलं कसं? चार ठिकाणी चार तऱ्हेनं तुटलं. युरोपात नाझींनी साठ लाख ज्यू मारले, त्यातले बहुसंख्य यिडिश बोलणारे होते, म्हणजे वाजवणारे, नाचणारे, लग्न करणारे आणि ती गावं, सगळं एकदमच गेलं. सोव्हिएत युनियनमध्ये जे उरलं ते स्टालिनच्या काळात दाबलं गेलं, १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री मॉस्कोत तेरा ज्यू नामवंतांना मारलं त्यात यिडिशचे मोठे कवी-लेखक होते. इस्रायलमध्ये हिब्रू ही नव्या देशाची भाषा ठरली आणि यिडिश म्हणजे जुन्या लाचार दिवसांची खूण असं मानायची पद्धत पडली. आणि अमेरिकेत तर कुणी काही केलंच नाही, मुलं इंग्रजी बोलायला लागली, लग्नात स्विंग आणि लॅटिन बँड आले, आजोबांच्या रेकॉर्ड्स माळ्यावर गेल्या. या शेवटच्या प्रकाराचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण तो कुठेही, कुणाच्याही घरात होऊ शकतो आणि होताना कळतसुद्धा नाही.

आता परत येण्याची गोष्ट. हेन्री सापोझनिक नावाचा मुलगा, न्यूयॉर्कचा, वडील सिनेगॉगमधले गायक, आईवडील दोघं ज्यू नरसंहारातून वाचलेले, घरात यिडिश. आणि हा कुठे, तर नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात टॉमी जॅरेल नावाच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याकडे बसून बँजोवर तिथलं लोकसंगीत शिकतोय. त्या काळात हे खूळच होतं, शहरी तरुण खेड्यातली जुनी गाणी शोधत हिंडायचे आणि त्यातले बरेचसे ज्यू. एक दिवस जॅरेलनी त्याला सहज विचारलं की बाबा रे, तुमच्या लोकांचं स्वतःचं काही संगीत नाही का? त्या प्रश्नानं सापोझनिक घरी परतला आणि न्यूयॉर्कच्या यिवो या यिडिश संशोधन संस्थेत पडलेल्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकत बसला, पुढे तिथलं ध्वनिसंग्रहालय त्यानेच उभं केलं.

साधारण त्याच सुमारास, एकमेकांना फारसं न विचारता, आणखी लोक तिथेच पोचले होते. कॅलिफोर्नियात बर्कलीला १९७५ साली द क्लेझमोरिम नावाचा बँड निघाला. बोस्टनमध्ये हँकस नेट्स्की यांनी १९८० साली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना घेऊन क्लेझमर कॉन्झर्व्हेटरी बँड काढला, त्यांच्या स्वतःच्या घरात क्लेझमर वादक होऊन गेले होते. आणि न्यूयॉर्कला अँडी स्टॅटमन, ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) मँडोलिनवर वाजवणारा, थेट डेव्ह टारासच्या दारात गेला. टारास तेव्हा ऐंशीच्या आसपास. संगीताचे अभ्यासक वॉल्टर झेव्ह फेल्डमन आणि स्टॅटमन यांनी १९७८ साली टारासची मैफल घडवून आणली, हॉल तुडुंब भरला, म्हातारी माणसं उठून नाचली. टारासनी पुढे आपल्या क्लॅरिनेटी स्टॅटमनला दिल्या. आपल्याकडे गुरूंनी तानपुरा शिष्याच्या हाती द्यावा, त्याचा जो अर्थ होतो तोच इथे.

म्हणून 'मेलेलं संगीत जिवंत केलं' असं जे लिहितात ते मला पटत नाही, मेलं नव्हतंच ते. टारास होता, एपस्टाइन बंधू ब्रुकलिनच्या हसिदी म्हणजे कर्मठ ज्यूंच्या लग्नांत वर्षानुवर्षं वाजवत होते. फक्त धागा इतका बारीक झाला होता की आणखी दहा वर्षं कुणी हात लावला नसता तर हातात फक्त तबकड्या उरल्या असत्या. आणि तबकडीची अडचण काय आहे बघा, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. लग्नात जो नाच वीस मिनिटं चालायचा तो तीन मिनिटांत कोंबलेला, लय कधी कधी त्या घाईनं वाढवलेली, रेकॉर्डिंगच्या भोंग्याला झेपावं म्हणून बासऐवजी ट्यूबासारखी पितळी वाद्यं घेतलेली. तरुणांनी ऐकून ऐकून तसंच्या तसं उचललं, आणि मग म्हाताऱ्यांनी सांगितलं की अरे एवढं पळवू नका, याच्यावर माणसं नाचतात! पाय कुठे पडतो, नवऱ्याकडची म्हातारी आजी नाचायला आली की लय किती खाली आणायची, हे तबकडीत येत नाही.

आणि तो हुंदका तर मुळीच येत नाही, म्हणजे ऐकू येतो पण का तिथेच आहे ते कळत नाही. ज्यांनी मन लावून शिकलं ते एकाच ठिकाणी येऊन पोचले की भाषा यायला हवी. यिडिश बोलताना आवाज जिथे वर जाऊन वाकतो, प्रश्न जसा गाऊन विचारल्यासारखा वाटतो, तेच वळण व्हायोलिनमध्ये आहे. म्हणून सापोझनिकनी १९८५ साली सुरू केलेल्या क्लेझकँपमध्ये नुसते वाद्यांचे वर्ग नव्हते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरातल्या हॉटेलात, आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र राहायचे, सकाळी यिडिशचा वर्ग, दुपारी वाजवणं, संध्याकाळी नाच, जेवणाच्या टेबलावर म्हातारे लोक गाणी सांगतायत. तीस वर्षं चाललं ते, २०१४ पर्यंत, आणि त्याच आठवड्यात २०१५ पासून यिडिश न्यूयॉर्क सुरू झालं. कॅनडात १९९६ पासून क्लेझकॅनडा आहे, जर्मनीत वायमारला उन्हाळ्यात यिडिश समर वायमार भरतं. माझ्या मते पुनरुज्जीवन झालं ते या शिबिरांत, स्टेजवर नाही. स्टेजवर प्रसिद्धी मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती: १९८६ साली न्यूयॉर्कला निघालेल्या क्लेझमॅटिक्स या बँडला २००७ मध्ये ग्रॅमी मिळालं, वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाच्या अप्रकाशित कवितांना चाली लावून केलेल्या अल्बमसाठी. गथ्रीची सासू अलिझा ग्रीनब्लाट यिडिश कवयित्री होती, म्हणजे धागा तिथेही आहेच.

युरोपात मात्र हा विषय दुखरा आहे. पोलंडमध्ये क्राकोव शहरात युद्धाआधी साधारण दर चार माणसांत एक ज्यू होता, युद्धानंतर जवळजवळ कुणी नाही. तिथे १९८८ साली ज्यू संस्कृती महोत्सव सुरू झाला आणि तो सुरू करणारे दोघंही ज्यू नव्हते. काझिमिएश या जुन्या ज्यू वस्तीतल्या रस्त्यावर हजारो लोक क्लेझमरवर नाचतात. काहींना हे भीषण वाटतं, ज्यांना मारलं त्यांच्या घरांसमोर त्यांचंच संगीत, आणि वाजवणारे ऐकणारे बहुतेक दुसरेच. मी यावर बराच विचार केलाय आणि मला वाटतं की फरक शिकण्यात आहे. भाषा शिकून, जुन्या माणसांच्या पायाशी बसून, कुणाची चाल आहे ते नाव घेऊन वाजवणारा पोलिश किंवा जर्मन वादक माझ्या दृष्टीनं त्या परंपरेचा वारस आहे. हॉटेलच्या दारात गिऱ्हाईक यावं म्हणून काळी टोपी घालून वाजवणं वेगळं. त्याच क्राकोवमध्ये लेओपोल्ड कोझ्लोव्स्की राहायचे, ब्रांडवाइनच्या घराण्यातले, तो त्यांचा काका, त्यांचे वडील आणि भाऊ युद्धात मारले गेले, स्वतः वाचले, आणि २०१९ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी जाईपर्यंत ते तिथे शिकवत राहिले, शिकणारे बहुतेक ज्यू नसलेलेच.

शेजाऱ्यांनी जपल्याची आणखी एक गोष्ट. हंगेरीच्या मुझिकाश या बँडला ट्रान्सिल्व्हेनिया-मारामुरेश भागातल्या हरवलेल्या ज्यू चाली शोधायच्या होत्या. ज्यू वादक तर उरलेच नव्हते. मग सापडले म्हातारे रोमा वादक, जे तरुणपणी ज्यूंच्या लग्नांत वाजवायचे. त्यांना सगळं आठवत होतं, कुठली चाल कधी वाजवायची तेसुद्धा, फक्त पन्नास वर्षं कुणी फर्माईशच केली नव्हती.

कागदाचीही अशीच कथा. मोइसेई बेरेगोव्स्की या अभ्यासकानं १९३० आणि १९४० च्या दशकांत युक्रेनभर फिरून मेणाच्या नळकांड्यांवर यिडिश गाणी आणि क्लेझमर चाली रेकॉर्ड केल्या, आणि १९५० साली त्यालाच अटक करून छावणीत पाठवलं, १९५५ ला सुटला, १९६१ ला गेला, आपला संग्रह कायमचा गेला असं समजूनच. १९९० च्या दशकात तो कीवच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडला! त्यातल्या युद्धकाळात सामान्य लोकांनी रचलेल्या यिडिश गाण्यांवरून अभ्यासक अॅना श्टर्नशिस आणि गायक प्सोय कोरोलेन्को यांनी २०१८ साली अल्बम केला, त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. अगदी अलीकडे त्याच ग्रंथालयातल्या हस्तलिखित वह्यांचे फोटो घेऊन जगभरातले स्वयंसेवक घरबसल्या एकेक चाल कॉम्प्युटरवर उतरवून काढतायत.

वहीवरून गेर्मान गोल्डेन्श्तेन आठवलेच पाहिजेत. १९३४ चा जन्म, बेसाराबियातला म्हणजे आजच्या मोल्दोव्हातला, लहानपणीच युद्धात अनाथ झाले, सोव्हिएत लष्करी बँडच्या शाळेत वाढले, तिथे नोटेशन शिकले. पुढे आयुष्यभर लग्नांत क्लॅरिनेट वाजवली आणि कुठेही नवी चाल कानावर पडली की वहीत उतरवून ठेवायची सवय. १९९४ साली ब्रुकलिनला आले तेव्हा सामानात त्या वह्या, आणि त्यात आठशेच्या वर चाली, त्यातल्या कितीतरी अमेरिकेत कुणी ऐकल्याच नव्हत्या. अमेरिकेतल्या मंडळींना वाटत होतं की १९२० च्या तबकड्यांत जे सापडलं ते सापडलं, आणि इकडे हे गृहस्थ भरलेल्या वह्या घेऊन शेजारच्या गल्लीत राहतायत. डिसेंबर २००५ मध्ये क्लेझकँपला त्यांचं रेकॉर्डिंग झालं. पुढच्या जूनमध्ये ते गेले. आज जगात कुठेही क्लेझमरवाले जमले की त्यांच्या चाली वाजतात, आणि वाजवणारे सांगतात की ही गेर्मानची.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर नव्या बँडपासून सुरुवात करू नका असं मी म्हणेन. ब्रांडवाइनची १९२० च्या दशकातली एखादी दोयना लावा, यूट्यूबवर सहज मिळतात, खरखर आहे, आवाज लांबून येतोय असं वाटेल, हेडफोन लावा आणि सुरांचे शेवट ऐका, सुरुवाती नाही. दोन-तीनदा ऐकलं की तो हुंदका कुठे येतो ते सापडायला लागतं. आणि दोयना संपता संपता मागची मंडळी एकदम ताल धरतात आणि नाच सुरू होतो, तिथे बंद करू नका.